घोरपडीला केलेला आग्रह

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या आमच्या बेसमेंटमध्ये मी आफ्रिका बांधली होती. थाप वाटत असेल तर वाटू द्या. पहिल्यांदा सगळे दिवे लावले त्या दिवशी, ओव्हनमध्ये कोंडूनही कधी न फुगणारं आमचं इडलीचं पीठ दुपारपर्यंत भांड्यातून उतू गेलं आणि ओट्यावरून चालायला लागलं. आफ्रिका एका घोरपडीसाठी होती, तिकडच्याच जातीच्या. मराठी माणसाला घोरपड म्हटलं की दोर आणि कडा आठवतो. घरी येणारा प्रत्येक जण विचारायचा, "दोर बांधून पाहिलास का रे?" आणि हा विनोद जगात आपणच पहिल्यांदा केला अशा थाटात हसायचा. मीही हसायचो. साठ-सत्तर हजार वेळा हसलो असेन.

घोरपड माझ्या मुलीची. एका मैत्रिणीचं कुटुंब दुसऱ्या राज्यात निघालं होतं, तेव्हा तिच्याकडून काचेच्या पेटीसकट मुलीनं ती आणली होती. तेव्हा ती हातभर होती. दोन वर्षांत तीन फुटांची झाली (पाहुण्यांना मी सात सांगायचो). त्या दोन वर्षांत मुलगी माझ्याशी एकूण चार शब्दांत बोलत होती: येस, नो, व्हॉटएव्हर, आणि चौथा शब्द म्हणजे दार. कॉलेजला जाण्याआधीच्या उन्हाळ्यात मात्र ती स्वतःहून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, तिला त्या टँकमध्ये वळतापण येत नाही. मला मोठं एन्क्लोजर बांधायचंय. हेल्प करशील?"

त्या क्षणी तिनं धरण बांधायला सांगितलं असतं तर मी नदी शोधायला निघालो असतो.

आठ फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट उंच, प्लायवुडची खोलीच ती. आतून पाणी न झिरपणारा लेप. तळाला दोन फूट माती, वाळू मिसळलेली. मुठीत दाबली तर गोळा व्हावा इतकीच ओली, नाहीतर बीळ ढासळतं. ही माती गोण्यांतून जिन्यानं खाली नेताना माझ्या पाठीचे जे मणके सरकले ते अजून इलिनॉयभर फिरताहेत. एका टोकाला दगड, त्यावर हॅलोजन दिव्यांची रांग. दगडाचा पृष्ठभाग एकशेतीस डिग्री फॅरनहाइट हवा आणि दुसरं टोक पंचाहत्तरच्या आसपास, म्हणजे तिला हवं तेव्हा ऊन, हवी तेव्हा सावली. मुलगी तापमान मोजायची बंदूक दगडावर रोखून आकडा ओरडायची आणि मी दिवा इंचभर वर-खाली करायचो. दुपारी आम्ही मातीच्या गोणीवर बसून सँडविच खायचो. सहा आठवडे ती माझ्याशी बोलत होती. कॉलेज, होणारी रूममेट, भीती, सगळं. मी मध्ये एकदाही सल्ला दिला नाही. हे मात्र शब्दशः खरं आहे.

घोरपडीनं दुसऱ्याच दिवशी बीळ खणलं आणि ती आत दिसेनाशी झाली. मुलीनं माझं कोपर घट्ट धरलं. "बाबा, लुक! शी ट्रस्ट्स इट."

खाणं म्हणजे किडे. त्यासाठी झुरळं विकत आणून आम्ही ती डब्यात पाळली. बायको म्हणाली, "पुण्यात झुरळ दिसलं की तू खुर्चीवर चढायचास. आता त्यांच्यासाठी गाजर किसतोस? माझ्यासाठी कधी किसलंस?"

ऑगस्टमध्ये मुलगी सिएटलकडच्या कॉलेजला गेली. निघताना पेटीच्या दारावर तिनं कागद चिकटवला: आठवड्यातून दोनदा किडे, गोगलगायी चालतील, अंडं महिन्यातून एकच, उंदीर नाही. मग बोट रोखून म्हणाली, "अँड बाबा, नो आग्रह. ओके?"

हा शब्द तिनं इंग्रजीत केला नाही, कारण तो तिनं लहानपणापासून भोगला होता. आमच्या घरात प्रेम म्हणजे नको म्हटल्यावर ताटात पडणारी तिसरी पोळी. दुसरी कोणतीही रीत मला कुणी शिकवली नाही.

मी तिला रोज मेसेज करायचो. "जेवलीस का?" उत्तर दोन दिवसांनी, एका शब्दाचं. मग एकदा घोरपड बिळाबाहेर आल्याचा व्हिडिओ पाठवला. अकरा सेकंदांत लाल बदामांचा पाऊस! पण घोरपड काही माझ्या सोयीनं बाहेर येणारी नव्हती. तिला जमीन मिळाली होती, ती जमिनीत राहायची. मी सहा वाजता ऑफिसचा कॉल संपवून फोन धरून उभा आणि समोर नुसती माती.

एके दिवशी मी अर्धं उकडलेलं अंडं नेलं.

आठवड्याभरात माझी पावलं जिन्यावर वाजली की ती धावत यायची. मी फोन असा धरायचो की ती दिसेल, अंडं दिसणार नाही. मुलीचं उत्तर आलं, "बाबा!! शी लव्ह्ज यू!" हे वाक्य मी अख्ख्या शिकागोलँडला दाखवलं. अर्ध्याचं एक झालं, एकाची दोन, आणि रविवारी मेजवानी म्हणून दुकानातला गोठवलेला उंदीर, कोमट पाण्यात बसवून.

"ती जाड होतेय," बायको म्हणाली.

"माहेरी आल्यावर होतंच थोडं," मी म्हणालो.

डिसेंबरात मुलगी आली ती बुटांसकट थेट खाली गेली. मी मागोमाग. घोरपड दिव्याखाली पसरली होती, पोट दोन्ही बाजूंना ओघळलेलं. बिळाचं तोंड ढासळून बुजलं होतं.

"ही खणत नाहीये?"

"थंडी आहे ना."

"इथे थंडी नाहीये, बाबा. आपण बांधलंय हे."

दुसऱ्या दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टर बाईंकडे. त्यांनी पोट चाचपलं, रक्त घेतलं आणि मला विचारलं, काय खायला घालता? आयुष्यभर एकाचे शंभर करणाऱ्या मी त्या टेबलापाशी शंभराचं एक केलं. "किडे. आणि कधीतरी एखादं अंडं."

बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. एवढ्यानं यकृत असं सुजणार नाही, म्हणाल्या. मग कारण दुसरंच असलं पाहिजे. पोट उघडून बघावं लागेल. आणि या वजनात ती भूल सोसेल याची खात्री देता येणार नाही.

मुलीचा हात घोरपडीच्या पाठीवर होता. तो हलायचा थांबला.

"रोज," मी म्हणालो. "रोज अंडं. कधी दोन. रविवारी उंदीर."

बाईंनी पेन उचललं आणि लिहायला घेतलं. म्हणजे ऑपरेशन टळलं होतं. मुलगी माझ्याकडे बघत होती. तिनं स्वच्छ मराठीत विचारलं, "आणि ते व्हिडिओ?"

"अंडं खाली होतं. दिसायचं नाही."

"म्हणजे ती तुझ्याकडे येत नव्हती."

मला इतकी उत्तरं सुचतात की ती ठेवायला गोदाम लागेल. त्या दिवशी मी पाकीट काढून बिल भरायला गेलो.

कॉलेजला परतण्याआधी मुलीनं दक्षिणेला चार तासांवरची एक म्हातारी बाई शोधली, तीस वर्षं घोरपडी पाळणारी. गाडीचा हीटर भट्टीसारखा लावून आम्ही तिथे गेलो. बाईंनी आमच्या पेटीचे फोटो पाहिले. "हे कुणी बांधलं? उत्तम आहे," त्या म्हणाल्या. मुलगी म्हणाली, "वी डिड." घोरपड त्या बाईंच्या हवाली करून आम्ही रिकाम्या हातानं परतलो. गराजमध्ये गाडी थांबल्यावर मीच म्हणालो, "मी आता फक्त किडे घातले असते. शपथ."

"आय नो, बाबा. मनापासूनच म्हणतोयस. बट आय कान्ट चेक."

मार्चमध्ये चहा पिताना बायकोनं फोन माझ्यापुढे धरला. त्या बाईंनी मुलीला पाठवलेला व्हिडिओ, मुलीनं आईला पाठवलेला. घोरपड निम्मी झाली होती आणि पुढच्या पायांनी माती उपसत होती. ढेकळं थेट कॅमेऱ्यावर येत होती.

"मला पाठव," मी म्हणालो.

"नाही. बाबांना पाठवू नकोस म्हणालीय ती." बायकोनं फोन पालथा ठेवला. "आणि तू पाहिलास हेही तिला सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. रविवारी मुलीचा फोन आला तेव्हा मी हवापाण्याचं विचारलं.