पाय ब्रेकवर नव्हता

सरावलीच्या नलूनं कितीतरी वर्षं ईको व्हॅन चालवली. कुंभवलीच्या कारखान्यांत जाणाऱ्या बायांची ने-आण हाच तिचा धंदा. नुसत्या आवाजावरून तिला गाडीचं दुखणं कळायचं. पुढे तिनं ईको भावाच्या, अंकुशच्या हाती दिली आणि शिरगावच्या तात्यांकडे ड्रायव्हरची नोकरी धरली. तात्यांची चिकूची वाडी. नजर अधू झाली तरी त्यांच्या पालघर-बोईसरच्या फेऱ्या काही थांबत नव्हत्या, आणि हौसेनं त्यांनी इलेक्ट्रिक गाडी घेतली होती.

पहिल्या दिवसापासून नलूला त्या गाडीत चैन पडेना. चालू झाली तरी कळायचं नाही. आवाजच नाही, तर बिघाड ओळखायचा कशावरून? बोईसर स्टेशनबाहेरच्या स्टँडवर तिनं ओळखीच्या ड्रायव्हरांना विचारून पाहिलं. खंडेराव म्हणाला, बॅटरी पेटली की दार उघडायलाही वेळ मिळत नाही. मिथुन स्वतः इलेक्ट्रिक टॅक्सी चालवायचा. डिझेलच्या गाड्या पेटत नाहीत काय, असं त्याचं म्हणणं. त्याची तक्रार होती ती पातळ पत्र्याची आणि पहिल्याच वर्षात खुळखुळणाऱ्या दारांची. दोघांचं ऐकून नलूच्या जिवाला आणखीच घोर लागला.

एका दुपारी शिरगावच्या रस्त्यावर तात्यांनी एसी वाढवायला सांगितला. त्याचं बटण पडद्यावर, बोटाला न लागणारं. नलूनं क्षणभर नजर खाली नेली आणि गाडी गचकन थांबली. पट्टा छातीत रुतला. समोर, अगदी बॉनेटला लागून, ताडगोळ्यांची टोपली घेतलेली गावातली म्हातारी बायडी उभी होती.

"हॉर्न तरी मारायचा गो," ती टोपली सावरत म्हणाली. "गाडी आली ती ऐकूच नाय आली."

तात्यांनी गावभर सांगितलं, नलूनं म्हातारीला वाचवलं. कुणी ते काढलं की नलू विषय बदलायची. शेवटी तिनं सांगूनच टाकलं, "तात्या, मी ब्रेक मारला नाय. गाडीनं मारला."

"मग? त्यासाठीच तर घेतली," तात्या म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं.

त्या रविवारी तिनं अंकुशकडून ईको मागून घेतली आणि कुंभवलीला निघाली. वळणावर एक टँकर उभा होता. नलूनं सवयीनं अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला. तात्यांची गाडी पाय उचलताच आपोआप मंदावायची, त्यातून बॅटरी भरायची. ईको मात्र तशीच धावत राहिली. ब्रेक आठवेपर्यंत टँकर काचेत मावेनासा झाला होता. तिनं सगळा जोर लावून दाबला. गाडी वीतभर अंतरावर थांबली आणि बंद पडली. मागून हॉर्न वाजत होते, पण कितीतरी वेळ तिला चावी फिरवता आली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं तात्यांना ती आपोआप मंदावण्याची सेटिंग कमी करायला लावली. तात्या कुरकुरले. एका चार्जिंगमध्ये गाडी कमी पळेल, म्हणाले.

"कमी पळू दे. माझा पाय बिघडतोय," ती म्हणाली. शिवाय चालत्या गाडीत पडद्याला हात लावणार नाही, एसी तुमीच लावा, हेही तिनं सांगितलं. तात्यांनी कुरकुरत का होईना, मान्य केलं.

स्टँडवर तिनं हे सांगितल्यावर खंडेरावला आपलंच खरं झाल्यासारखं वाटलं. मिथुन म्हणाला, यात गाडीची काय चूक, सवय माणसाची. मग दोघांनी तिलाच विचारलं, गाडी चांगली की वाईट?

"बायडी जिवंत हाय ती या गाडीमुळं," नलू म्हणाली. "आन् परवा मी मेली असती तर ती बी हिच्याच सवयीमुळं."

यावर दोघांची पुन्हा जुंपली. नलू त्यात पडली नाही. तात्यांचा फोन आला होता, त्यांना पालघरला जायचं होतं. ती जाऊन गाडीत बसली, निघण्याआधी ब्रेक दाबून पाहिला, आणि मग आणखी एकदा दाबून पाहिला.