कमोडवालं घर

आमच्या नरसीत परदेशी पाहुणे आले की उतरायला आमच्याच घरी. माझा स्वभाव गोड म्हणून न्हाई, आमच्याकडं कमोड आहे म्हणून! सासऱ्यांचे गुडघे गेले तेव्हा बसवला होता. सासरे गेले, कमोड राहिला. आमचे हे हायस्कुलात इंग्रजीचे मास्तर. "जगाशी नातं जोडायचं असतं," म्हणतात. जोडा बापा! चादरी धुवायला मी आहेच.

यंदा डेन्मार्कहून साठीची एक बाई आली. दुसऱ्याच दिवशी माहेराहून, डोंगरकड्याहून भावाचा फोन. आमच्या मायला वर्षभरापासून भूल पडत चालली होती. भावांची नावं विसरली, नातवंडं विसरली, माझं नाव तेवढं टिकलं होतं. भाऊ म्हणाला, "माय आज बराबर बोलून राहिली. सारखी तुलाच बोलावती. लवकर ये." मी पिशवी भरली.

नेमकं त्याच दुपारी गावानं पाहुणीला जेवायला बोलावलं. आपल्याकडं पानावर हात आडवा धरून "नको, नको" म्हटल्याशिवाय वाढणारी थांबत न्हाई. हे तिला कुणी सांगितलंच न्हाई. तिला वाटलं, पानात टाकलं तर अपमान होईल. बायकांना वाटलं, पान रिकामं म्हणजे अजून भूक आहे. एकामागून एक घरं झाली, सगळीकडं पुरणपोळी आणि वर तुपाची धार. संध्याकाळी बाई आडवी.

"हिला अशी टाकून कशी जातीस? देशाच्या अब्रूचा प्रश्न आहे," हे म्हणाले.

देशाची अब्रू, आणि ती माझ्या एकटीच्या गळ्यात! धुसफुसत मी पिशवी खाली ठेवली. उलट्या काढल्या, भाताची पेज पाजली, पाय चेपले. बिचारी दरवेळी हात जोडून "सॉरी, सॉरी" म्हणायची. तिच्यावर रागवायचंही त्राण उरलं न्हाई, इतकी मी थकले होते.

चौथ्या दिवशी बाई बरी होऊन गेली, तशी मी एसटी धरली.

माय ओसरीत बसली होती, छान वेणीफणी केलेली. मला बघून तिनं पदर सावरला.

"या, बसा. कुठून आल्या तुमी?"

मी भावाकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

"नरसीहून," मी म्हणाले.

"लई लांबून आल्या." मग आत तोंड करून वहिनीला म्हणाली, "अगं, पाहुणीला च्या टाक."

मला बसवेना. दारातच उभी राहिले.

"लाजू नका," माय म्हणाली, "आपलंच घर समजा."