तारेला दोन हिसके

बापू गेल्याची बातमी आली तेव्हा मी लालबागच्या नाक्यावर, सलूनमध्ये, अर्ध्या गालाला साबण लावून बापूंचीच गोष्ट सांगत होतो. एकाहत्तरच्या लढाईत बापूंनी नुसत्या खांद्याचा रेटा देऊन रणगाडा उलटा केला, तो भाग चालला होता. आमच्या चाळीचा सेक्रेटरी नितीन दारात येऊन म्हणाला, "भाऊ, बापू..." आणि मी गोष्टीच्या भरात म्हणालो, "थांब रे, आधी रणगाडा तर पडू दे!" सलून हसलं. नितीन हसला नाही. आज महिना उलटला, पण ते हसू माझ्या कानातून जात नाही. कारण खरं काय ते तोवर मला ठाऊक झालेलं होतं. तरीही, चार माणसं ऐकायला बसली म्हणून, मी रणगाडा उलटवत होतो.

बापू म्हणजे आमच्या माळ्यावरच्या शेवटच्या खोलीतले दत्ताराम. तरुणपणी पलटणीत गेले, लढाई पाहून आले, मग गिरणीत लागले, गिरणी बंद पडल्यावर कुठेकुठे वॉचमनकी केली. लढाईबद्दल एक अक्षर बोलायचे नाहीत. आता न बोलणाऱ्या माणसाच्या शेजारी माझ्यासारखा गप्प न बसणारा राहिला, तर काय होणार? त्यांनी रिकामं ठेवलेलं सगळं मी भरून काढलं. त्यांना बढत्यासुद्धा मीच दिल्या. नाईक केलं, हवालदार केलं, आणि एका गणपतीत आरतीला उशीर होत होता तेवढ्या वेळात सुभेदार करून टाकलं. सरकारला जे जमलं नाही ते मी गॅलरीत उभ्याउभ्या केलं! दिवाळीत ते खिडक्या लावून आत बसायचे. पोरांनी कारण विचारलं की मी सांगायचो, "अरे, तोफेच्या आवाजात झोपणारा माणूस तो. तुमच्या लवंग्यांनी त्याचा अपमान होतो."

त्यांची एक सवय मात्र मला कुठल्याच गोष्टीत बसवता आली नाही. आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालायची एक तार आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. संध्याकाळी बापू तिच्यावर बोटं फिरवत, ओल्या साड्यांखालून वाकून चालायचे आणि आमच्या दारापाशी आले की तिला दोन हिसके द्यायचे. आमच्या हिचं धुणं खाली पडायचं. ही ओरडायची, "बापू, तार काय पळून जातेय का?" ते कपडे उचलून द्यायचे आणि हसायचे.

यंदा शेजारच्या चाळीने आपल्या एका म्हाताऱ्या पोस्टमनचा सत्कार केला, तेव्हा कुठे आमची अब्रू जागी झाली. आपल्याकडे तर लढाईवर गेलेला माणूस आहे! मग सव्वीस जानेवारीच्या सत्यनारायणालाच सत्कार ठरला. पन्नासहून जास्त वर्षं आम्ही त्या माणसाला जिन्यात नुसतं "काय बापू, बरं ना" म्हणत आलो होतो. नितीनने मला विचारलं, "भाऊ, बापूंना आवडेल असं काय करूया?" मी म्हणालो, "फटाके. गेटपासून मंडपापर्यंत माळ लाव. म्हातारा खूश होईल."

शाल झाली, नारळ झाला. माईकवर अर्थातच मी. गेटपाशी माळेला बत्ती लागली आणि अख्खं अंगण तडतडलं. बापू खुर्चीतून उठले आणि जमिनीवर पालथे झाले. शाल तिथेच पडली. माईकची वायर मुठीत धरून ते कोपरांवर सरकायला लागले. कोणीतरी म्हणालं, "बापूंचा चष्मा पडला वाटतं." आणि मी... माझ्या हातात माईक होता हो! मी म्हणालो, "बघा, आमचे सुभेदार अजून दुश्मन शोधतायत!" मंडपात टाळ्या पडल्या. वायर चाचपत चाचपत बापू माझ्या पायाशी आले. वर पाहिलं, पण मला नाही पाहिलं. धापा टाकत म्हणाले, "लाइन आली का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या खोलीत गेलो. काकूंनी, म्हणजे बापूंच्या बायकोने, माझ्याकडे न बघता चहा ठेवला. बापूच बोलले.

"सुभेदार काय रे? शिपाई होतो मी. टेलिफोनची तार जोडायचो."

"एवढंच?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"एवढंच. तोफेचे गोळे पडले की तार तुटायची. तार तुटली की आम्ही निघायचो. मी पुढे, तुकाराम मागे. अंधारात बोलायचं नाही. दोन हिसके दिले की समजायचं, आहे. मागून दोन आले की तोही आहे." त्यांनी बशीत चहा ओतला, पण प्यायले नाहीत. "एकदा मी दिले. मागून आलेच नाहीत... मी तार जोडली, बाळ्या. तार जोडूनच मागे गेलो."

मी पहिल्यांदाच कोणाची गोष्ट न वाढवता ऐकली. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. संध्याकाळचं गॅलरीतलं चालणंही त्यांनी बंद केलं होतं.

आता चाळीने जिन्यापाशी त्यांच्या नावाचा फलक लावलाय. 'शूर सुभेदार, रणगाड्यांचा कर्दनकाळ.' लावण्याआधी मी सगळ्यांसमोर खरं ते सांगितलं. शिपाई, तार, तुकाराम, सगळं. शांतपणे ऐकून झाल्यावर नितीन माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "भाऊ, आज रंगात नाही वाटतं तुम्ही." आयुष्यात एकदा खरं बोललो, तर तेच चाळीला थाप वाटली. यात त्यांचा काय दोष? मीच त्यांना तशी सवय लावली. वर्तमानपत्रात आलेलं तरी खरं मानतील म्हणून हे लिहितोय. 'शिपाई दत्ताराम. तार जोडायचे.' फलकावर एवढंच हवं. रंगारी मी शोधून ठेवलाय.

काल संध्याकाळी गॅलरीत कोणी नाही असं मला वाटलं. मी तारेला दोन हिसके दिले. पलीकडच्या टोकाला काकू बापूंचा सदरा वाळत घालत होत्या.

"कोण रे तो तार ओढता?"

सदरा हलत होता, तार हातात होती, आणि "मी आहे" एवढंसुद्धा मला म्हणवेना.