आत्यानं ओटीत घातलेलं झिंक

झिंकच्या गोळीचं नाव काढलं की अजून माझं डोकं फिरतं.

आक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, रक्ताचा कॅन्सर निघाला आणि उपचारासाठी ती आमच्याकडं वडगावात येऊन राहिली. मग भेटायला येणाऱ्यांची रीघ. चहा प्यायचा आणि सल्ला देऊन जायचं. "झिंक द्या हो, पांढऱ्या पेशींना ताकद येते. कोरोनात आमच्या अख्ख्या गल्लीनं खाल्ल्या." अहो, पांढऱ्या पेशींनाच तर रोग झालाय!

डॉक्टरांनी सुरुवातीलाच समजावलं होतं. निरोगी पांढरी पेशी काम पडलं की झिंक आत घेते आणि जास्तीचं बांधून ठेवते. कॅन्सरच्या पेशीचं हेच ताळतंत्र सुटलेलं असतं. वरून दिलेलं झिंक चांगल्या पेशीला मिळेल की वाईट पेशीच्या पथ्यावर पडेल, नक्की सांगता येत नाही. म्हणून विचारल्याशिवाय काही द्यायचं नाही. हे मी दारात येणाऱ्या प्रत्येकाला घसा फोडून सांगत होते.

पिरनवाडीची आत्या मात्र वस्ताद! निघताना तिनं आक्काची ओटी भरली आणि नारळाखाली, खणात गुंडाळून, माझ्या नकळत गोळ्यांची बाटली सरकवली. भरलेली ओटी कुणी परत करतं का? काही दिवसांनी ती बाटली मला आक्काच्या उशाखाली सापडली, निम्मी रिकामी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"गटारात घालते ही!"

"वटीतलं टाकू नगंस गं," आक्का म्हणाली.

"अगं, डॉक्टर नको म्हणाले न्हाईत व्हय?"

"डॉक्टर म्हणत्यात, नक्की सांगता येत न्हाय. आत्या म्हणती, नक्की बरी हुतीस. मग मी कुणाचं ऐकू?"

बाटली काही मी गटारात घातली नाही. पण राग आता आत्यावर होता की आणखी कुणावर, ते कळेना.

पुढच्या खेपेला आक्कानं स्वतःच बाटली डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. "वटीतली हाय, टाकू नगासा. तुमच्यापाशीच ऱ्हाऊ दे. खाणार न्हाय आता. पण मी बरी हुईन का, एवढं तरी नक्की सांगा."

ते रागावले नाहीत. बाटली त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवली आणि म्हणाले, "नक्की नाही सांगता येत, आक्का."

इतक्या दिवसांत आमच्याशी खरं बोलणारा तेवढा एकच माणूस होता, आणि मला त्याच्याच थोबाडीत मारावंसं वाटलं.