जुन्या मशीनमधली पाठवणी

मी एकदा कॉम्प्युटरसाठी नवस बोलले होते. हसू नका. अड्याळच्या आमच्या फोटो स्टुडिओत जुन्या मशीनमध्ये एका लग्नाचं शूटिंग अडकलं होतं. ते नव्यात सुखरूप उतरू दे, पाच सवाष्णी जेवू घालीन, असं देवीला म्हटलं. तेव्हापासून भजनाला बसलं की बायका टाळ खाली ठेवतात अन् म्हणतात, "वहिनी, मशीनचं सांगा न." एक किस्सा सांगावा तर मागून दुसरा येतो. हळदीकुंकवाला एकीला बोलवावं अन् अख्खी आळी लोटावी, तसं!

स्टुडिओ आमच्या ह्यांचा अन् धाकट्या दिरांचा, प्रमोदभाऊजींचा. लग्न एकोडीचं. नवरीच्या आजी त्या दिवशी भंडाऱ्याला दवाखान्यात होत्या, नातीची पाठवणी त्यांना पाहता आली नाही. बऱ्या होऊन घरी आल्यावर त्यांचं फोनवर एकच मागणं, "मले पोरीची पाठवणी दाखव, बाप्पा." इकडे कॅमेऱ्याचं कार्ड पुढच्या लग्नासाठी पुसलेलं. जुन्या मशीनमध्ये पेनड्राइव्ह लागेना, अन् आतून टकटक आवाज. ज्याच्याकडून नवं मशीन घेतलं तो दुकानदार फोनवर म्हणाला, दोन्ही मशिनं लिनक्स ह्या एकाच सिस्टिमवर चालतात ना, मग मधे एक वायर टाका अन् सरळ जोडा. आजी गुरुवारी येणार होत्या.

*

वायर लावली, पण खाचेजवळचा बारका लाइट लागेना. पिनेची क्लिप तुटलेली, हात काढला की पिन सैल. मी देवघरातून पूजेचा लाल नाडा आणला अन् पिन आत दाबून करकचून बांधली. लाइट लागला.

हे म्हणाले, "नाड्यानं नाही लागला, दाबून बसली म्हणून लागला."

मी म्हटलं, "अन् दाबाची बुद्धी कोणं देल्ली?"

*

लाइट लागला तरी मशिनं एकमेकांना ओळखेनात. दुकानदार म्हणाला, प्रत्येक मशीनला पत्त्याचा आकडा लागतो, मधे तो वाटून देणारा डबा नाही, तर तुम्हीच हातानं टाका. आधीचे आकडे दोन्हीकडे सारखे, शेवटचा मात्र आपापला, वेगळा.

हे बाहेरच्या खोलीत नव्यापाशी, भाऊजी आतल्या खोलीत जुन्यापाशी. दोघांनी आकडे टाकले. सकाळ गेली, तरी काही नाही. हे म्हणत तुझं मशीन म्हातारं झालं, भाऊजी म्हणत दादा, तुझं नवं शिष्ट आहे.

मी चहा घेऊन दोन्ही खोल्यांत गेले. दोन्ही पडदे पाहून मला बरंच वाटलं. म्हटलं, "बरं केलं. दोघांनीही शुभाचा एकशे एकच टाकला."

दोघांनी कप खाली ठेवले.

*

भाऊजींनी आपला आकडा बदलला. आता नव्यानं हाक मारली की जुनं उत्तर देई, पण जुन्यानं मारली तर नवं गप्प. पाठवायचं तर जुन्यातूनच होतं! शेवटी सापडलं, व्हायरसच्या भीतीनं भाऊजींनीच नव्यात फायरवॉल चालू करून ठेवली होती, कोणाला आत येऊ न देणारी.

माझी जाऊ मीना स्वयंपाकघरातून बोलली, "मशीनले काहून बोल लावता? माह्या माहेरचा फोन आला का हे बी असेच करतात."

भाऊजींनी फायरवॉल बंद केली.

*

शूटिंग जाऊ लागलं. पण जुनं मशीन जरा कोणी हात लावला नाही की झोपी जाई, अन् अर्ध्यात आलेलं तुटे. ती झोप बंद कुठून करायची ते कोणाला मिळेना. मग मीच बसले. डाव्या हातानं पोथीचं पान, उजव्या हातात माउस. अध्याय वाचायचा अन् माउस हलवायचा.

हे दारातून म्हणाले, "देव पावला तर कोणत्या हातानं, ते सांग."

मी माउस हलवला अन् पान उलटलं. अध्यायाच्या मधे बोलत नसतात.

*

शूटिंग सगळं नव्यात उतरलं, अन् गुरुवारी आजी मुलासोबत ऑटोनं आल्या. नव्या मशीनसमोर खुर्ची टाकली. पाठवणी लागली. नात गाडीपर्यंत गेली, थांबली, वळून घराकडे पाहत राहिली.

आजी म्हणाल्या, "थांबव. कोणाले पाहून राहिली ते?"

मुलगा म्हणाला, "तुलेच पाहून राहिली, माय. तू नव्हती न."

आजींनी डोळ्याला पदर लावला, पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा पाहिलं. मग विचारलं, आधी हे कुठं होतं? भाऊजींनी आतल्या खोलीतलं जुनं मशीन दाखवलं. आजी त्याच्यासमोर गेल्या. मीनाकडे तांदूळ अन् खोबऱ्याची वाटी मागितली.

"आजी, हे मशीन होय," भाऊजी म्हणाले.

"मले दिसते न," आजी म्हणाल्या, अन् पदर सावरून त्या जुन्या मशीनची ओटी भरली.

तुमच्याही घरी एखादं जुनं मशीन कुरकुरत असेल, तर आजच वायर लावा. अन् त्यातलं सगळं सुखरूप उतरलं की त्याच्यापुढे मूठभर तांदूळ ठेवा, एवढं माझं ऐका.