स्टँडवरून आणलेली वेळ

आमच्या व्याह्यांइतका वेळेचा पक्का माणूस अख्ख्या पालम तालुक्यात सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतका उशिरा पोचणाराही. हायस्कुलात मास्तर होते. घरात तीन घड्याळं, विश्वास एकावरही नाही. खरी वेळ फक्त एसटी स्टँडवरची, कारण त्या घड्याळावर गाड्या सुटतात. ती बघायची, त्यात चालायची सात मिनिटं मिळवायची आणि तोंडातल्या तोंडात घोकत घरी यायचं. वाटेत कुणी रामराम केला तर नुसता हात हलवायचा. आमची दूधवाली तर त्यांना मौनव्रत आहे असंच समजत होती.

हा आटापिटा त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरसाठी. लाईट गेली की तो तारीख-वेळ विसरून वीस वर्षं मागं जाऊन बसायचा. तारीख चुकली की पुण्याचा व्हिडिओ कॉल लागत नाही, आणि माझी लेक, म्हणजे त्यांची सून, आम्हा दोघांना नात दाखवते ती तिथंच, रविवारी चार वाजता. साडेचारला पोरीचा क्लास. आमच्या बटणाच्या फोनवर आवाज येतो, तोंड दिसत नाही. व्याह्यांनी उपाय कमी केले नाहीत. वायर बदलली, टेबल पूर्वेकडं फिरवलं, उन्हाळ्यात कॉम्प्युटर कूलरपुढं ठेवून स्वतः घामात बसले.

एका रविवारी पावणेचारला लाईट जाऊन आली. व्याही स्टँडकडं पळाले. परतताना कुणीतरी हात धरून बोलत ठेवलं, वेळ विसरली, पुन्हा माघारी गेले. कॉल लागला तेव्हा पडद्यावर लेक एकटीच. नात क्लासला गेली होती. व्याही तरी पडद्याकडं बघतच राहिले. मला राग आला.

"अहो इवाई, भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं की काय करता?"

"सेल बदलतो."

"मग ह्याच्यात बी सेल असंल की!"

"ईनबाई, तुमी चौथी शिकलेल्या. हे कॉम्प्युटर हाय, घड्याळ न्हाई."

"वेळ दाखवतंय न्हवं? उघडा."

प्लग काढून उघडला. आत रुपयाएवढा चपटा सेल. घड्याळवाल्याकडं तसाच मिळाला. आता लाईट कितीही जावो, वेळ हलत नाही. व्याही आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

हल्ली कॉल लागला की नात दर वेळी म्हणते, "आजोबा, अजून चार नाही वाजले!"

"आमच्याकडं वाजले," व्याही म्हणतात.

स्टँडच्या घड्याळापायी चपला झिजवणाऱ्या ह्या माणसानं आपल्या हातानं कॉम्प्युटर दहा मिनिटं पुढं केलाय. एरवी मी त्यांना सोडत नाही. पण रविवारी मीही घरून दहा मिनिटं आधीच निघते.