हिमाने ओढलेल्या रेघा

दुपारच्या जेवणास अवकाश आहे, म्हणून हणमंता पाथरवट छपराखाली अंमळ आडवा होतो. उशाशी खलाचा अर्धवट घडवलेला बत्ता आहे. डोळे मिटतात, तथापि टाकीचा नाद कानांतून जात नाही.

उद्या धाकट्या भावाचा, सिद्रामचा, दर्भाचा पुतळा जाळावा, असे भावकीने ठरविले आहे. सैन्यातला तो गडी हिवाळ्यात हिमनदीच्या भेगेत पडला. देह सापडला नाही. म्हणून आई अद्याप रोज त्याचे ताट वाढते आणि विधीचे नाव काढू देत नाही. शिवाय जीवखडा कोणता घ्यावा? चितेपाशी उचललेल्या ज्या दगडात दहा दिवस मृताचा जीव वसतो, तो दगड भलत्याच ठिकाणचा कसा चालेल?

"अण्णा, टाकी चुकतीया तुजी."

समोर सिद्राम बसलेला आहे. मिशांवर बर्फ आहे, आणि तो हणमंताचीच विडी ओढीत आहे.

"तू मेलास न्हवं रं?"

"म्हणत्यात तसं. चल, आई भाकरी करतीया."

आई काठवटीत पीठ मळीत आहे. काठवट रुंदावते, तिच्या कडांचे उभे डोंगर होतात, तळाचे मैदान होते. दोघे भाऊ त्या अफाट दरीत उभे आहेत, आणि पीठ नव्हे, बर्फच हळूहळू पुढे सरकत आहे.

"नदी तर डोंगरात अरुंद, खोल चीर पाडती," हणमंता गोंधळून म्हणतो. "ही काठवट कुणी कोरली?"

"बर्फानं."

"खुळा का काय! बर्फ दातानं फुटतो."

"पोटात दगड धरतो त्यो. वर डोंगराएवढं वजन. चिरंत गोठतो, कातळ उपटतो, आन् त्याच दगडानं पुढचा घासत जातो. आपली टाकी तरी हाताच्या जोराबिगर काय करती?"

कातळावर लांबच लांब, शेजारी शेजारी ओरखडे आहेत. हणमंता बोट फिरवितो. हा कातळ आहे की आईचा तळहात, हे त्यास उमगत नाही.

"मला बी खाली आणतोय त्यो बर्फ, अण्णा. पर लई सावकाश. आईला तवर वाट बघाया लावू नगंस."

"आन् जीवखडा?"

सिद्राम हसतो. "पाथरवटाच्या पोरा, दगड मला मागतोस व्हय?"

हणमंता दचकून उठतो. आई सिद्रामचे ताट घेऊन दारात उभी आहे. हणमंताच्या मुठीत बत्ता आहे. त्यावरचे टाकीचे ठिपके पुसले गेले आहेत. त्यांच्या जागी लांब, सरळ रेघा शेजारी शेजारी ओढलेल्या आहेत. अशा रेघा त्याच्या टाकीने कधी काढल्या नाहीत.

"उद्याचा जीवखडा," म्हणत तो बत्ता आईच्या हाती देतो. ती रेघांवरून बोट फिरविते.

"किती गार हाय रं," ती म्हणते, आणि सिद्रामच्या ताटातली भाकरी उचलून हणमंताच्या हातावर ठेवते.